घरच्या करवतीला बॅटरी की पेट्रोल?

विरार स्टेशनाच्या पूर्वेला उतरून, जीवदानीच्या डोंगराला बगल देत पापडखिंडीच्या धरणाच्या बाजूला निघाले की आमचा फुलपाडा लागतो. आज तिथे इमारतींची गर्दी झाली आहे. तरी दोन इमारतींच्या मध्ये एखादे जुने घर अजून उभे असते, घरापुढे अंगण असते आणि अंगणात आंबा, शेवगा, दोन माड, कुंपणाला भेंड. झाडे लावली त्यांनी घराचा विचार केला नव्हता, आणि पुढे घर वाढवले त्यांनी झाडांचा. त्यामुळे पावसाळा जवळ आला की आमच्याकडे एकच बोलणे सुरू होते. अमक्याची फांदी पत्र्यावर आली, तमक्याची तारेला लागली.

अशाच एका मे महिन्यात शेजारचे अण्णा सकाळीच ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, झाडं कापायची मशीन घ्यायचीय. बॅटरीवाली घेऊ की पेट्रोलवाली? पोरगा म्हणतो बॅटरीची, दुकानदार म्हणतो पेट्रोलची."

मी तंत्रशाळेत बरीच वर्षे लाकूडकाम शिकवले. तेव्हा लाकूड कापण्याच्या बाबतीत आपल्याला सगळे कळते, असा शेजाऱ्यांचा समज आहे, आणि तो मी फारसा मोडतही नाही. पण या प्रश्नाचे उत्तर मला शाळेत मिळाले नव्हते. ते मी पदरचे पैसे घालवून शिकलो. आज तेच आपल्याला सांगणार आहे.

प्रथम यंत्र कोणते ते सांगतो, कारण खेड्यापाड्यात त्याला नाना नावे आहेत. कोणी चेन सॉ म्हणतो, कोणी नुसते कटर म्हणतो. मी साखळी-करवत म्हणेन. एक लांबट पोलादी पट्टी, तिच्या कडेच्या खाचेतून सायकलच्या साखळीसारखी फिरणारी साखळी, आणि त्या साखळीवर बसवलेले धारदार दात. साखळी फिरवायला एक तर पेट्रोलचे छोटे इंजिन असते, नाही तर विजेची मोटार. तिला वीज वायरीने द्या किंवा बॅटरीतून द्या.

आपल्याला वाटते, पेट्रोलची करवत जुनी आणि विजेची नवी. प्रत्यक्षात उलटे आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील नावाच्या गृहस्थांनी १९२६ साली जी करवत बनवली ती विजेवर चालणारी होती. वजन सुमारे ६४ किलो, आणि ती धरायला दोन माणसे लागत. जंगलात वीज कुठून आणायची, म्हणून १९२९ साली त्यांनी पेट्रोलची करवत काढली. एकट्या माणसाला चालवता येईल अशी त्यांची पेट्रोल-करवत १९५० साली आली, तिचेही वजन १६ किलो होते. म्हणजे पेट्रोलचे इंजिन आले ते वीज पोहोचत नव्हती म्हणून. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

गुरुजींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो, वर्गात सांगायला बरी आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. त्या काळच्या साखळीचे दात लवकर बोथट होत, घासून घासून जीव मेटाकुटीला येई. १९४६ साली एकदा लाकूड फोडताना त्याला ओंडक्यात एक अळी दिसली. आपल्याकडे आंब्याच्या खोडात शिरून भुसा बाहेर टाकणारी असते ना, त्याच जातकुळीची. ती अळी डावीकडे एक चावा, उजवीकडे एक चावा असे करीत लाकडाच्या रेषेत आणि रेषेला आडवी, दोन्हीकडे सहज पुढे सरकत होती. कॉक्सने तिच्या जबड्याचा आकार नीट पाहिला आणि तसेच डावे-उजवे दात साखळीला बसवले. १९४७ पासून तशी साखळी विकायला आली. आज आपण जी साखळी वापरतो ती त्याच धाटणीची आहे, मग करवत बॅटरीची असो की पेट्रोलची. लाकूड साखळी कापते. इंजिन किंवा मोटार तिला फक्त फिरवते. हे विसरल्यामुळे लोक मोठे इंजिन घेतात आणि बोथट साखळीने लाकूड जाळत बसतात.

आता माझी स्वतःची गोष्ट.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. मुरुड, श्रीवर्धन, पलीकडे दापोली, या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. माझ्या बहिणीची वाडी मुरुडकडे आहे. टाळेबंदीचे दिवस होते. परवानगी काढून मी गेलो आणि जाताना पेट्रोलची एक करवत विकत घेऊन गेलो. आठ दिवस ती करवत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली. वाडीत वीज नव्हती, ती पुढे कित्येक दिवस आली नाही. पण डब्यात पेट्रोल होते. टाकी संपली की भरायची, दोरी ओढायची, पुन्हा सुरू. तिच्या आवाजाने कान बधिर झाले, धुराने डोके धरले, पण तिने काम केले. त्या दिवशी कोणी मला विचारले असते तर मी शपथेवर सांगितले असते की बॅटरीची करवत म्हणजे पोरखेळ.

विरारला परत आलो. करवत पुसली, पडवीतल्या फळीवर ठेवली. टाकीत अर्धे पेट्रोल होते. म्हटले, असू दे, लागेल तेव्हा तयार.

पुढच्या वर्षी, १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले. ते आमच्यावर आले नाही, नुसते बाजूने गेले, तरी वसई-विरार भागात झाडे पडायची ती पडलीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना गुलमोहर होता, तो मुळासकट रस्त्यावर आडवा झाला. वीज गेली. गल्लीत एक गृहस्थ होते, त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पाळी होती, आणि गल्लीतून रिक्षा सोडा, माणूस निघायला जागा नव्हती.

सगळे माझ्याकडे आले. "मास्तर, तुमची मशीन काढा." मी मोठ्या ऐटीत करवत खाली घेतली. दोरी ओढली. पुन्हा ओढली. चोक दिला, चोक काढला, प्लग काढून पुसला, पुन्हा ओढली. खांदा निखळायची वेळ आली. करवतीने हूं की चूं केले नाही. टाकीचे झाकण उघडले तर पेट्रोलच्या वासाऐवजी वार्निशासारखा आंबूस वास आला. अकरा महिने ते पेट्रोल टाकीत बसून होते. त्याचा उडून जाणारा अंश उडून गेला होता, राहिलेला चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत जाऊन बसला होता. दोष यंत्राचा नव्हता आणि ज्याने विकले त्याचाही नव्हता. माहितीपुस्तिकेत सगळे लिहिले होते. मी तंत्रशाळेचा मास्तर, म्हणून ती वाचली नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या एका तरुणाकडे बॅटरीची छोटी करवत होती. ती त्याने आणली, बटण दाबले आणि ती सुरू झाली. मला जरा ओशाळल्यासारखे झाले. तिने बारीक फांद्या भराभर उडवल्या, मांडीएवढ्या तीन-चार फांद्याही कापल्या, आणि मग बॅटरी संपली. दुसरी बॅटरी नव्हती. लावायला वीज नव्हती.

शेवटी काय केले? कोयता, कुऱ्हाड आणि माझी जुनी दोन मुठींची करवत. चार-पाच माणसे आळीपाळीने बसली. रात्री उशिरा माणूस धरून नेता येईल एवढी वाट झाली, आणि सकाळी त्या गृहस्थांना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षापर्यंत नेले.

त्या रात्री मला एक गोष्ट उमगली. मुरुडला जी करवत हिरा ठरली ती फुलपाड्यात दगड का झाली? मुरुडला ती रोज चालत होती. फुलपाड्यात ती पडून होती. घरगुती करवत वर्षाचे ३६० दिवस पडून असते आणि पाच दिवस चालते. तेव्हा निवड करताना "ही किती जोरात चालेल" हे विचारण्याआधी "ही किती चांगली पडून राहील" हे विचारले पाहिजे. दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणूनच अण्णांना मी पहिला प्रश्न केला तो हा, की वर्षातून किती दिवस वापराल? त्यांनी बोटे मोजली आणि म्हणाले, "पाच, फार तर सहा."

आता दोन्ही यंत्रांची पडून राहण्याची तऱ्हा पाहू.

पेट्रोलची घरगुती करवत टू-स्ट्रोक इंजिनावर चालते. तिला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावे लागते. चांगले टू-टी तेल असेल आणि पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण दिले असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. हे मिश्रण महिनाभरात संपवावे. त्यात आता एक भर पडली आहे. २०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. मोटारींचे काय होते ते मोटारवाले बोलतील. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि आमच्या वसई-विरारच्या पावसाळी हवेत ओलाव्याला तोटा नाही. पाणी पुरेसे साठले की इथेनॉल त्या पाण्यासह तळाला बसते, आणि पेट्रोल व टू-टी तेल वर राहते. इंजिनाची नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला वंगणाशिवाय कोरडे चालावे लागते, आणि मग सिलिंडर-पिस्टन घासले जाऊन जाम होतात. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल चालणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. विकत घेण्यापूर्वी तेवढे पान दुकानातच वाचून घ्या.

यावर उपाय आहे, आणि तो कष्टाचा नाही. काम संपले की टाकी रिकामी करायची, मग इंजिन सुरू करून आतले उरलेसुरले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचे. हवेची जाळी झटकायची. एवढे केले की करवत वर्षभर पडली तरी तिला काही होत नाही. मग पुढच्या वर्षी ताजे पेट्रोल आणायचे. पण इथेच घोडे अडते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ताजे पेट्रोल आणणार कुठून? रस्ता बंद आहे म्हणून तर करवत हवी आहे. शिवाय पेट्रोल-पंपही विजेवरच चालतो हे आपण विसरतो. आणि घरात पेट्रोलचा साठा करून ठेवणे, तेही पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, याबद्दल मी न बोललेले बरे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर अशी बाटली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, खाली गॅसची शेगडी पेटलेली होती.

बॅटरीचे तसे नाही. आजच्या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या असतात. १९९१ साली त्या प्रथम बाजारात आल्या आणि त्यामागच्या शोधासाठी २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी अर्धी भरून, यंत्रातून काढून, घरातल्या थंड कोरड्या जागी ठेवली तर महिनोन् महिने बसून राहते. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहायचे आणि मे अखेरीस पूर्ण भरून घ्यायची. तिला दोन गोष्टी मानवत नाहीत. एक उष्णता, म्हणजे पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. दुसरी, पार रिकामी होऊन पडून राहणे. आमच्यासारख्यांच्या घरी ही बॅटरी कामाने झिजत नाही, वयानेच थकते. पाच-सात वर्षांनी नवी घ्यावी लागेल असे धरून चाला, आणि नव्या बॅटरीची किंमत आधीच विचारून ठेवा. ती ऐकून पुष्कळांचा विचार बदलतो.

आता ताकदीचा हिशोब. गुरुजींनी हा फळ्यावर मांडावा, मुलांना व्होल्ट आणि अँपिअर यांचा उपयोग एकदम कळेल. बॅटरीवर व्होल्ट लिहिलेले असतात आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात. दोहोंचा गुणाकार केला की वॅट-अवर मिळतात. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४ वॅट-अवर. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर. तेव्हा एका युनिटात अशा सहा-सात बॅटऱ्या भरतात. आता पेट्रोल घ्या. एका लिटरात सुमारे ९००० वॅट-अवर उष्णता असते. पण हे छोटे इंजिन त्यातली बहुतेक धुरावाटे आणि गरम होण्यात घालवते. सहावा-सातवा हिस्सा साखळीपर्यंत पोहोचला असे धरू. करवतीची टाकी ३०० मिलिलिटरची असेल तर तिच्यातून ४०० वॅट-अवरच्या आसपास काम मिळेल. म्हणजे एक टाकी बरोबर तीन बॅटऱ्या. टाकी भरायला दोन मिनिटे लागतात, बॅटरी भरायला तास-दीड तास. दिवसभर ओंडके पाडणाऱ्या माणसाला बॅटरी का परवडत नाही ते या आकड्यांतच आहे.

पण घरगुती काम केवढे असते? माझ्या अनुभवात अशी एक बॅटरी वीतभर जाडीच्या ओल्या आंब्याच्या फांदीचे पंचवीस-तीस काप देते. अंगणातल्या एका पडलेल्या फांदीला तेवढे पुष्कळ झाले. दोन बॅटऱ्या असतील तर एक दुपार निघते, आणि आपली पाठ बॅटरीच्या आधी संपते.

आणि विजेचे काय? वीज गेली की बॅटरी भरणार कशी, हा अण्णांचाही प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. जुलै २०१८ मध्ये पाणी भरल्यामुळे वसईकडची वीज बंद ठेवावी लागली होती, २०२१ च्या वादळात पुन्हा तेच झाले. पण आता आमच्याकडे घरोघर इन्व्हर्टर आहेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची त्याची बॅटरी, म्हणजे आपल्याच हिशोबाने १८०० वॅट-अवर. त्यातून दिवे-पंखे बंद ठेवून करवतीच्या दोन-चार बॅटऱ्या सहज भरतात. इन्व्हर्टर मात्र साईन वेव्ह जातीचा असावा, नाही तर चार्जर कुरकुरतो. १९२९ साली वीज जंगलात पोहोचत नव्हती म्हणून पेट्रोल आणावे लागले. आज घरातच वीज साठवलेली असते. ज्यांच्या पाड्यावर इन्व्हर्टर नाही त्यांनी वादळाचा इशारा रेडिओवर ऐकला की मोबाईलबरोबर करवतीच्या बॅटऱ्याही भरून घ्याव्यात. इशारा हल्ली दोन-तीन दिवस आधी मिळतो.

बाजारात एक फसवणूक चालते, तिच्याबद्दल सावध करतो. तळहाताएवढी बॅटरी असते आणि वर ठळक अक्षरांत ४८ किंवा ८८ असे काहीतरी लिहिलेले असते. आत पाहावे तर पाच घट एकापुढे एक जोडलेले. एका घटाचे साधारण ३.६ व्होल्ट, पाचांचे १८. पूर्ण भरलेले असताना प्रत्येकी ४.२, म्हणजे २१. पाच घटांतून ८८ व्होल्ट काढणे ब्रह्मदेवालाही जमणार नाही. अशी चिमुकली करवत मनगटाएवढ्या फांदीला ठीक आहे, आणि ती स्वस्तही असते. पण तिच्या भरवशावर गल्ली मोकळी करायला जाऊ नये. जिच्यावर वॅट-अवर स्पष्ट लिहिलेले आहेत, जिची सुटी बॅटरी आणि सुटी साखळी गावाजवळच्या दुकानात मिळते, तीच घ्यावी. पट्टी बारा इंची पुरे. पेट्रोलच्या स्वस्त करवती बावीस इंची पट्टी लावून येतात आणि ती पाहून माणसाला चेव येतो. पण तेवढ्या पट्टीचे यंत्र सात-आठ किलो भरते. साठीच्या माणसाने ते अर्धा तास धरून दाखवावे.

दोरी ओढण्याचीही गोष्ट आहे. आमच्या पाड्यात पुरुष माणसे सकाळच्या लोकलने मुंबईला जातात ती रात्री येतात. फांदी पडते तेव्हा घरी कोण असते? बायका आणि म्हातारे. थंड इंजिनाची दोरी झटक्याने ओढणे प्रत्येकाला जमत नाही. माझ्या सूनबाईने बॅटरीची करवत पहिल्याच दिवशी चालवली, पेट्रोलच्या करवतीला तिने हात लावायला नकार दिला. तिचे बरोबर होते.

पण इथेच एक धोका दडलेला आहे. बॅटरीची करवत आवाज करीत नाही, धूर सोडीत नाही, म्हणून ती मिक्सरसारखी घरगुती वस्तू वाटू लागते. तसे नाही. मोठ्या करवतीची साखळी सेकंदाला वीस मीटरपर्यंत धावते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. छोटीची जरा कमी. मांडीला लागली तर तिला आवाज मोठा की लहान हे कळत नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून तोंडावर येते. हे दोन्ही जातींत होते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर उचलून कापू नये, शिडीवर उभे राहून तर मुळीच नाही. पुढची मूठ अंगठा वळवून घट्ट धरावी, मुठीपुढचा ब्रेक चालतो की नाही ते रोज पाहावे. चष्मा, जाड बूट, आणि कानाला काहीतरी. पेट्रोलच्या करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, तो पंधरा मिनिटे ऐकला तरी कानाला जड. आणि बॅटरीच्या करवतीची साखळी ताणताना, पुसताना, घासताना बॅटरी आधी काढून खिशात टाकावी. पेट्रोलचे यंत्र चुकून सुरू होत नाही, त्याला दोरी ओढावी लागते. बॅटरीचे यंत्र पोराच्या बोटानेही सुरू होते. शाळेच्या बागेसाठी कोणी ही करवत घेणार असेल तर बॅटरी मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी, करवत दुसरीकडे.

साखळीला तेल दोन्ही करवतींना लागते. बॅटरीची आहे म्हणजे तेल नको, असे समजून एका गृहस्थांनी महिन्यात पट्टी निळी केली. आणि धार. लाकडातून ढलपे उडत असतील तर साखळीला धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबावे आणि गोल कानस घेऊन प्रत्येक दाताला दोन-तीन हात द्यावेत. माडाचे खोड फार वाईट. बाहेरून टणक, आत काथ्यासारखे तंतू, आणि बुंध्याशी वाळू रुतलेली. एक माड कापला की साखळी बोथट झालीच समजा. बोथट साखळीने बॅटरी निम्म्या कामात संपते, मग लोक बॅटरीला शिव्या देतात.

तारेवर पडलेल्या झाडाला हात लावू नका. महावितरणचा माणूस येऊन तार मेली आहे असे सांगेपर्यंत लांब उभे राहा. त्या रात्री आम्हीही दोन तास तसेच उभे होतो, डायलिसिसची घाई असूनही. खोड कमरेइतके जाड असेल, झाड दुसऱ्या झाडावर अडकलेले असेल, तर ते काम घरच्या करवतीचे नाही. अग्निशमन दलाला बोलवा.

उभे झाड हा आणखी वेगळा विषय आहे. करवत हातात आली की माणसाला उगाच कापावेसे वाटते, हे मी माझ्यावरून सांगतो. फुलपाडा महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. नागरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा लागू आहे. झाड आपल्या अंगणातले असले तरी ते तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा-वृक्षाचा दर्जा आहे. खेड्यातल्या श्रोत्यांना १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागू होतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर अशी झाडे त्याच्या यादीत आहेत, ती स्वतःच्या शेतातली असली तरी विचारूनच तोडावी लागतात.

मग पेट्रोलची करवत कोणी घ्यावी? ज्याची ती पडून राहणार नाही त्याने. डहाणू-घोलवडकडच्या चिकूच्या मोठ्या बागा, जिथे दरवर्षी शेकडो झाडांची छाटणी असते, तिथे तिला पर्याय नाही. जळाऊ लाकूड फोडून विकणाऱ्याने घ्यावी. नाही तर सबंध पाड्याने मिळून एक घ्यावी, आणि ती एकाच जबाबदार माणसाच्या ताब्यात द्यावी. महिन्याला चार घरची कामे निघाली की इंजिन हलते राहते, पेट्रोल शिळे होत नाही. मात्र "सगळ्यांची" म्हणजे कोणाचीच नाही, असे होऊ देऊ नये. टाकी कोण रिकामी करणार ते पहिल्या दिवशीच ठरवावे.

माझी पेट्रोलची करवत मी शेवटी मुरुडला बहिणीकडे पाठवून दिली. कार्ब्युरेटर उघडून साफ केला, नवी नळी घातली, आणि ती पहिल्या झटक्याला सुरू झाली. तिकडे वाडीत तिला आठवड्याला काम असते. माझ्याकडे आता बॅटरीची बारा इंची आहे आणि दोन बॅटऱ्या. एक करवतीची, आणि दुसरी गवत कापायच्या यंत्राला आणि करवतीला, दोन्हीकडे चालते अशी. दोन्ही यंत्रे एकाच बनावटीची घेतली तर एवढा फायदा होतो. शेजारी भिंतीवर जुनी दोन मुठींची करवत टांगलेली आहे. तिला वर्षातून एकदा कानस मारतो, खोबरेल पुसतो. तिला ना पेट्रोल लागते ना वीज.

अण्णांचे म्हणाल तर त्यांनी आठ दिवस विचार केला. मुलाचेही ऐकले, दुकानदाराचेही ऐकले. एक दिवस संध्याकाळी खोके काखेत मारून आले. बॅटरीचीच होती. मी ती उघडण्याआधी त्यांना पुस्तिकेचे दुसरे पान काढून दाखवले. ते म्हणाले, "मास्तर, चष्मा घरी राहिलाय, तुम्हीच वाचा." मग आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. माझीही ती तेव्हाच पहिल्यांदा पुरी वाचून झाली.